टाकीत बसलेली गौर

आमच्या घरात वरवंटा वाटणाच्या कामी कमी आणि माशांच्या टाकीवर ठेवण्याच्या कामी जास्त यायचा. कारण ढोक उडी मारतो. ढोक म्हणजे मरळीचा बुटका चुलतभाऊ. वीतभर लांब, मातकट अंगाचा, पण परांना अशी निळी-केशरी किनार, की पैठणीवाल्यानं बघत बसावं. ओढ्यात राहतो, भाताच्या खाचरात राहतो, मधूनमधून वर येऊन हवा गिळतो आणि झाकण सैल दिसलं की जग बघायला बाहेर पडतो. आणल्याच्या पहिल्या आठवड्यातच तो आम्हाला दोनदा स्वयंपाकघराच्या दारात सापडला, तेव्हापासून टाकीवर काच आणि काचेवर वरवंटा. आईला चटणी वाटायची असली की ती आतून ओरडायची, "हेमा, तुझ्या माशावर दुसरं काहीतरी ठेव गं, मला खोबरं वाटायचंय." मग मी माझी कॉलेजची जाडजूड पुस्तकं तिथं ठेवायची. त्या पुस्तकांचा मला झालेला सगळ्यात मोठा उपयोग तोच.

आम्ही बेलापूरला पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी राहायचो. नवी वसाहत, नव्या इमारती, भिंतींना अजून चुन्याचा वास. बाबा ड्राफ्ट्समन होते. दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढायचे आणि संध्याकाळी आमच्या घरात खुर्ची कुठं ठेवायची यावरून आईशी वाद घालायचे. घरात खरा अंमल मात्र ताईआत्याचा. ती बाबांची मोठी बहीण. बाबा पाळण्यात असताना त्यांची आई गेली, आणि आत्यानं स्वतः परकर-पोलक्यात असताना भावाला कडेवर घेतलं ते कायमचंच. तिनं लग्न केलं नाही. रत्नागिरीकडचं घर मिटवून बाबा इकडं आले तशी तीही आली, सोबत पितळेची ताम्हनं, वरवंटा-पाटा, अळूचे कांदे आणि शंभर नियम घेऊन. त्यातला पहिला नियम, घरात मांस-मासळी नाही. आणि मी हॉलमध्ये खिडकीखाली टाकी ठेवून जिवंत मासे पाळत होते.

मासे पाळायला तिची ना नव्हती, हे न्यायानं सांगायला हवं. आमच्या वरच्या मजल्यावर जाधव काका राहायचे, मूळचे साताऱ्याचे. त्यांच्याकडं गोल्डफिश होते, प्लास्टिकची हिरवी-गुलाबी झाडं होती आणि बुडबुड्यांनी उघडझाप करणारी खजिन्याची पेटी होती. सोसायटीत कुणाचा मासा आजारी पडला की जाधव काकांना बोलावायचे. आत्याला त्यांची टाकी फार आवडायची, "देवघरासारखी स्वच्छ हो!" म्हणायची. माझी टाकी तिला डबकं वाटायची. तळाला मी बागेतली लाल माती घातली होती, तिच्यावर ओढ्यातली वाळू आणि गोटे, आणि त्यात डोंगराखालच्या ओढ्यातूनच उपटून आणलेलं रिबिनीसारखं लांब पाणगवत. पहिल्या दोन खेपांची झाडं कुजली, घरभर वास सुटला, बोलणी खाल्ली. तिसऱ्या खेपेला मातीचा थर जाड केला, टाकी उन्हाच्या खिडकीशी सरकवली आणि झाडांनी मूळ धरलं. उतरत्या उन्हात त्या पानांच्या कडांवर बारीक बुडबुडे जमायचे आणि एकेक सुटून वर जायचे. ते बघत मी तासन्‌तास बसायची. आज माझी भाची मोबाइलवर जगभरच्या टाक्या दाखवते. त्यात गॅसचे सिलेंडर, खास दिवे, डब्यातली महाग माती असं सगळं असतं. सुंदर असतात, नाही म्हणत नाही. पण बागेतल्या मातीवर आणि फुकटच्या उन्हावर तसलं पाणगवत उभं करून दाखवा म्हणावं, मग बोलू.

भांडणाला सुरुवात झाली ती ढोक आणल्यावर. त्याच्याआधी टाकीत मळे मासे होते, बोटाएवढे, चंदेरी, ओढ्यातलेच. ढोकाची जोडी मी त्यांच्यातच सोडली आणि दुपारी आत्याची किंकाळी ऐकू आली. "गिळलंन! अगो हेमे, अख्ख्या मळ्याला गिळलंन त्याने!" संध्याकाळपर्यंत मळे संपले. मग ढोकाला गांडुळं लागू लागली आणि ती मी आत्याच्या अळूच्या कुंड्यांतून काढू लागले. आत्याचं म्हणणं सरळ होतं. "ह्या घरात कुणी जीव मारून खात नाही. आणि तू समोर बसून त्याला जिता जीव भरवतेस? त्याला वरणभात घाल, खाईल तर राहील." मी वरणभात घालून दाखवला. त्यानं शीत तोंडात घेतलं आणि थुंकलं. आत्याला तो अपमान अखेरपर्यंत विसरता आला नाही.

अशात भाद्रपद आला आणि ढोक खायचा थांबला. जोडीतला मोठा, म्हणजे नर. मादी नीट खात होती, पण हा कोपऱ्यात, पाणगवताच्या आड, पृष्ठभागाला नाक लावून नुसता तरंगायचा. गालफडं सुजल्यासारखी झाली होती, जबडा खाली लोंबत होता. गांडूळ नाकासमोर धरलं तरी तोंड फिरवायचा. मी पाणी बदललं, चिमूटभर मीठ घातलं, काही उपयोग झाला नाही. जाधव काका येऊन बघून गेले. हाताची घडी घालून म्हणाले, "घशाला गळू झालंय बगा. काय टेन्शन घेऊ नका वहिनी, पर ह्यो काय जगत नाय." आत्यानं कपाळाला हात लावला. "चार दिवसांवर गौर आली. गौर घरात यायची आणि घरात मढं?" त्या रात्री जेवताना बाबांनी निकाल दिला. गौर यायच्या आत मासा खायला लागला तर टाकी राहील. नाहीतर मासे सोडून द्यायचे आणि टाकी जाधवांना द्यायची. मी आमटीची वाटी आपटून उठले. पण बाबांचा निकाल म्हणजे शाईनं काढलेली रेघ, ती खोडता येत नसे.

आमची गौर खड्यांची. मुखवटे नाहीत, साड्या नाहीत. घरातल्या कुमारिकेनं वाहत्या पाण्यावर जायचं, तोंडात पाण्याची चूळ धरायची, पाण्यातले पाच खडे ताम्हनात घ्यायचे आणि घरी यायचं. वाटेत बोलायचं नाही. चूळ धरलेली असल्यावर बोलणार कोण! दारात पाय धुऊन घेतले, घरभर गौर फिरवली आणि ती जागेवर बसली, की मग मोरीत जाऊन चूळ टाकायची. मधेच चूळ सुटली तर गौर रुसली म्हणायचं आणि त्याचं निवारण नाही. आणि एकदा बसलेली गौर मूळ नक्षत्र लागेपर्यंत कुणी म्हणजे कुणी हलवायची नाही. आत्यानं स्वतः लहानपणापासून गौर आणलेली, तिच्या हातून एकदाही चूळ सुटली नव्हती, हे ती दरवर्षी सांगायची.

घंटा वाजवायला म्हणून माझ्याबरोबर मंदा आली. शेजारच्या दिवाळे गावातली कोळ्यांची पोरगी, माझ्या वर्गातली, तोंडानं सतत सुरू. "आमची गवर तेरड्याची असतं, नेसवून-बिसवून मस्त. तुमची दगराची कशी गो?" मी म्हटलं, ओढ्यावर चल, कळेल. ओढा तेव्हा उघडा होता. डोंगरावरून उतरून आमच्या वसाहतीच्या कडेनं खाडीकडं जायचा. काठाला रानअळू माजलेलं, पाणी घोट्याच्या वर, तळाचा गोटा न्‌ गोटा दिसत होता. मी चूळ भरली, वाकले, चार खडे उचलले. पाचव्यासाठी अळवाच्या पानाखाली हात घातला आणि तिथं पाणी हललं.

पानाखाली एक ढोक उभा होता. आणि त्याच्या डोक्याभोवती मोहरीच्या दाण्यांएवढ्या पिल्लांचा ढग. माझ्या हाताची सावली पडली तसं त्यानं तोंड उघडलं. मला वाटलं, आता हा आपलीच पोरं खाणार. पण पिल्लंच त्याच्याकडं धावली. शाळा सुटल्यावर पोरं फाटकाकडं पळतात तशी ती सगळी त्याच्या तोंडात शिरली, आणि यानं तोंड मिटलं. गालफडं फुगली. जबडा खाली लोंबला. अगदी आमच्या घरच्यासारखा.

मी तिथल्या तिथं किंचाळले असते. तोंडात चूळ होती म्हणून वाचले. आमच्या टाकीतला बाप आजारी नव्हता, तो लेकुरवाळा होता! अंडी-पिल्लं तोंडात धरून बसला होता आणि गांडूळ घ्यायला तोंड उघडलं असतं तर पोरं सांडली असती म्हणून उपाशी राहिला होता. मी पाचवा खडा उचलला आणि निघाले, जवळजवळ पळतच. मंदा मागून घंटा बडवत आणि बडबडत, "अगो हळू! काय झाला? साप बगलास काय?" मी मान हलवली. "मग काय? पोटात दुकतं?" मी हातानं मासा केला, तोंड फुगवून दाखवलं, पोटाशी पोरं धरल्यासारखं केलं. मंदा थबकली. "हेमे, तुला बाल होनार हाय?" तोंडात पाणी धरून हसू आवरणं किती कठीण असतं, हे ज्याचं त्यालाच कळेल. नाकातून दोन थेंब आले, पण चूळ राहिली.

घराचं दार उघडंच होतं. उंबऱ्यापासून आतपर्यंत आत्यानं रांगोळीची पावलं काढली होती. आई दूध-पाण्याचा तांब्या घेऊन उभी, बाबा सोवळ्यात. आणि आत, माझ्या खिडकीखाली, जाधव काका बाह्या सरसावून उभे होते. एका हातात जाळी, पायाशी बादली. झाकण काढलेलं, वरवंटा जमिनीवर. मला बघून आत्या घाईघाईनं म्हणाली, "अगो, अगदीच शेवटची घटका आलीय त्याची. गौर टेकायच्या आत बाहेर जाऊ दे. हे स्कूटरवरून जेटीला नेऊन खाडीत सोडतायत." खाडीत! ओढ्याच्या गोड्या पाण्यातला मासा, पोरांसकट, खारट पाण्यात! आणि त्याच्याआधी जाळी. जाळीत धडपडला की तो तोंडातलं सगळं टाकून देणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

बोलले असते तर गौर रुसली असती, आणि आत्याच्या दृष्टीनं ते वर्ष काळं झालं असतं. तिचं मन मोडायची माझी छाती नव्हती, कारण माझं तिच्यावर फार प्रेम होतं. गप्प राहिले असते तर ढोक गेला असता. आई पायांवर दूध-पाणी घालत होती. आत्यानं विचारलं, "गौर कशाच्या पावलांनी आली?" माझ्याऐवजी मंदानं खणखणीत उत्तर दिलं, "सोन्या-रुप्याच्या पावलांनी आली!" मी रांगोळीच्या पावलांवरून चालत निघाले. पावलं डावीकडं, गणपतीच्या चौरंगाकडं वळत होती. मी उजवीकडं वळले. जाधव काका भांबावून बाजूला झाले. मी टाकीपाशी गेले, ताम्हन पाण्याला टेकवलं आणि गौर पाण्यात बसवली. पाचही खडे सावकाश गवताच्या मुळांशी जाऊन टेकले. ढोक जागचा हलला नाही.

मग मी मोरीत जाऊन चूळ टाकली आणि बाहेर येऊन म्हटलं, "गौर बसली. आता मूळ लागेपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

जाधव काकांच्या जाळीतून पाणी ठिबकत होतं. बाबांनी आत्याकडं बघितलं, आत्यानं टाकीकडं. तिच्या चेहऱ्यावरचा राग मी विसरणार नाही, पण त्याहून मोठं होतं ते तिचं नियमाशी इमान. नियम तिचाच होता आणि मी तो तंतोतंत पाळला होता. "जाधव," ती म्हणाली, "बादली घेऊन जा हो. आता काही करता यायचं नाही." आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "कारटी." मी मग तोंडातल्या पिल्लांची गोष्ट सांगितली. जाधव काकांनी मान हलवली, "तसं काय नसतंय." आत्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी तिनं पूजा मात्र यथासांग केली, टाकीसमोर पाट मांडून. हळद-कुंकू पाण्यात पडलेलं चालणार नाही, असं मी बजावलं, तेव्हा तिनं पुटपुटत ते काचेला लावलं. टाकीला झेंडूची माळ. झाकणावर घावन-घाटल्याचं पान. मादी वर येऊन त्या पानाची सावली बघून गेली. संध्याकाळी सोसायटीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या. माशांच्या टाकीत गौर बसलीय ही बातमी वरपासून खालपर्यंत गेलेली, त्यामुळं ज्या कधी येत नसत त्याही आल्या. उतरतं ऊन टाकीत शिरलं होतं, पानांवर बुडबुडे धरले होते. आत्या जाधव काकूंची ओटी भरत होती आणि तेवढ्यात काकू म्हणाल्या, "अगं बया! ह्ये काय?"

ढोक गवताआडून पुढं आला होता. त्यानं तोंड उघडलं आणि त्यातून पिल्लं बाहेर आली. आधी थोडी, भीत भीत, मग एकदम पुष्कळ. त्याच्या नाकासमोर थरथरत राहिली. कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या, ती दचकली, पुन्हा सगळी आत. परत बाहेर. बायकांनी पाट, ओट्या, सगळं सोडून काचेला नाकं लावली. "बाळंत झाला की गं बाप्या!" काकू म्हणाल्या आणि हशा उसळला. हसली नाही ती एकटी आत्या. ती हातातली तांदळाची ओंजळ तशीच धरून बघत होती. बायका गेल्यावर तिनं मला विचारलं, "आणि आई काय करते त्यांची?" मी म्हटलं, फिरते आसपास. तोंडात धरायचं काम याचंच. "किती दिवस?" मला ठाऊक नव्हतं. म्हटलं, पोरं मोठी होईपर्यंत असेल.

"म्हणजे उपास," आत्या म्हणाली. बाबा कोपऱ्यात पेपर वाचत बसले होते. तिनं त्यांच्याकडं एकदा बघितलं. मग उठली, गॅलरीत गेली, आणि परत आली तेव्हा तिच्या हातात पोळ्या भाजायचा चिमटा होता आणि चिमट्यात गांडूळ वळवळत होतं. चेहरा पार वाकडा, डोळे अर्धे मिटलेले. जन्मात अंड्याला न शिवलेली ती बाई झाकण सरकवून पाण्यावर गांडूळ धरून उभी राहिली. पिल्लं बाहेर होती. ढोकानं क्षणभर बघितलं आणि गट्टम केलं. "खाल्लंन," आत्या म्हणाली. मला तेव्हा रडू आलं. तो चिमटा परत स्वयंपाकघरात गेला नाही. तो टाकीशेजारच्या खिळ्यावर लटकला.

तिसऱ्या दिवशी विसर्जन. आत्या ताम्हन घेऊन टाकीपाशी आली, मी बाही वर केली आणि हात पाण्यात घातला. घातला तो तसाच राहिला. टाकीतले गोटे त्याच ओढ्यातले. तोच रंग, तोच आकार, तेवढेच गुळगुळीत. पाच खडे त्यांच्यात मिसळून गेले होते. आणि ढोकाची जोडी रात्रभर वाळू उकरत होती. मी एक उचलला, ठेवला, दुसरा उचलला. हा की तो? "कोणची गो तुझी गौर?" आत्यानं विचारलं. एवढी शहाणी मी, पण हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाबा म्हणाले, "ताई, कुठलेही पाच घे." आत्या भडकली. "कुठलेही पाच कसे, बाळू? वाण्याकडची सुपारी आहे ती?" मग बराच वेळ ती काचेतून बघत राहिली. शेवटी दहीभाताचा नैवेद्य दाखवून तिनं पदरानं काच पुसली आणि ताम्हन आत नेऊन ठेवलं. "माहेरी आलीय. नाही जायचं तिच्या मनात. राहील."

त्या घरात टाकीबद्दल पुन्हा कुणी अवाक्षर काढलं नाही. गौर बसलेली टाकी जाधवांना देणार कशी! ओढ्यावर पुढं सिमेंटचं झाकण आलं. आता त्यावर लोक सकाळी चालायला जातात. खडे आणायला जागाच उरली नाही, पण आम्हाला आणावे लागतच नाहीत. त्या जोडीच्या कितव्या तरी पिढीतले ढोक आज माझ्या नेरूळच्या घरात आहेत, आणि त्यांच्याखाली वाळू आणि गोटे तेच.

टाकी माझ्याबरोबर आली कशी, तेवढं सांगते. लग्न ठरलं तेव्हा सासूबाई घर बघायला आल्या. त्याही आमच्यासारख्याच, कडक सोवळ्याच्या. चहा घेता घेता त्यांनी खिडकीखाली बघितलं आणि म्हणाल्या, "हे तेवढं इथंच राहू दे हं. आमच्याकडं मासेबिसे चालत नाहीत." मी तोंड उघडणार, तोच आत्यानं माझ्या हातावर हात ठेवला. म्हातारी झाली होती, पण आवाज तोच होता.

"मासे नव्हेत हो, आमची गौर आहे ती," ती म्हणाली. "हेमाची पाठराखीण म्हणून येणार. ती नाही तर ही नाही."

सासूबाईंनी कप खाली ठेवला. काचेला हळदी-कुंकवाची बोटं लागलेली होती, माळ होती, आत हिरवं गवत डुलत होतं. त्या जरा नरमल्या. "असं का," त्या म्हणाल्या. "मग तिला नैवेद्य काय लागतो?"

"गांडुळं," आत्या म्हणाली. "दिवसाआड. चिमटा मी देईन."